अकरा दहाची गाडी

शनिवारची शाळा सकाळची. साडेसातला प्रार्थना, साडेअकराला 'वंदे मातरम्' आणि घर. वेळापत्रकाच्या तक्त्यावर शनिवारच्या शेवटच्या तासासमोर तांबड्या शाईनं दोनच शब्द लिहिलेले असायचे, 'इतर उपक्रम'.

या 'इतर'ची रजिस्टरं हेडसरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असत. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, निसर्ग मंडळ, क्रीडा मंडळ, सांस्कृतिक मंडळ. प्रत्येकाला अध्यक्ष, सचिव, सदस्य आणि दर महिन्याच्या सभेचं इतिवृत्त. तपासणी आठ दिवसांवर आली की रजिस्टरं कपाटाबाहेर निघायची, त्यांच्यावरची धूळ झटकली जायची आणि वर्षभराच्या सभा दोन दुपारांत उरकल्या जायच्या. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या मीच उरकायचे. माझं अक्षर चांगलं होतं. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की आजही कुणी झोपेतून उठवलं तरी पुढचं वाक्य सांगेन. नववीत मी निसर्ग मंडळाची सचिव होते. मंडळाच्या एकाही सभेला मी हजर नव्हते आणि सगळ्या सभांची इतिवृत्तं माझ्या अक्षरात आहेत.

हजर नसण्याचं कारण अकरा दहाची गाडी.

आमचं गाव तालुक्याचं. कोल्हापूरच्या स्टँडवरून एसटीनं दीड-दोन तास, वेदगंगेच्या खोऱ्यात. पण 'आमचं' असं मी आता म्हणते. तेव्हा मी गावातली नव्हते, वाडीची होते. वाडी तिथून नऊ किलोमीटर आत, मध्ये एक बंधारा. पावसाळ्यात बंधाऱ्यावर पाणी आलं की गाडी अलीकडेच थांबायची आणि शाळेला आपोआप सुट्टी. शनिवारी वाडीकडं जाणारी गाडी स्टँडवरून अकरा दहाला सुटायची. त्यानंतरची पावणेतीनला. मधल्या वेळात वडाप, म्हणजे माणशी पैसे घेणारी खाजगी जीप, मिळायचं, पण वडापवाल्याला एसटीचा पास दाखवून भागत नाही, रोख मोजावे लागतात. त्यामुळं अकराला पाच मिनिटं कमी असताना वर्गावर्गांतून दहा-बारा पोरं दप्तर उचलून उभी राहायची. सर मान हलवायचे. आम्ही व्हरांड्यातून पळत फाटकाकडं निघायचो, तेव्हा क्रीडा मंडळाची पोरं लेझमांचे जुडगे घेऊन मैदानात उतरत असायची. लेझमांचा पहिला खणखणाट मी नेहमी पाठीवर ऐकलाय.

शाळेत कोण कशात असतं हे मुलांच्या आवडीवर ठरतं, असं आपण समजतो. आमच्या शाळेत ते एसटीच्या वेळापत्रकावर ठरायचं. लेझीम, बँड, खो-खो, आरएसपीचा (रोड सेफ्टी पेट्रोलचा) पांढरा पट्टा, गॅदरिंगचं नाटक, हे सगळं गावातल्या पोरांचं. फुटबॉलही त्यांचाच. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठांचा मामला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस ही संघांची नावं आमच्या वर्गातली पोरं आपल्या भावकीतली असल्यासारखी घ्यायची आणि शाहू स्टेडियमवरच्या मॅचचे फोटो पेपरातून कापून कंपासपेटीत चिकटवायची. वाडीच्या पोरांच्या वाट्याला पळण्याच्या शर्यती. तालुक्याच्या स्पर्धा भरदिवसा, शाळेच्या वेळेत व्हायच्या, त्यामुळं तिथं आम्हाला मज्जाव नव्हता आणि सरावाची गरजही नव्हती. गाडी धरायला आम्ही रोजच पळत होतो. आठशे मीटरला आमच्या वाडीची एक मुलगी सलग तीन वर्षं पहिली आली. तिला कुणी शिकवलं होतं म्हणाल, तर एसटी महामंडळानं.

याला अपवाद एकच, कार्यानुभव. तो वेळापत्रकाच्या पोटात होता, गुरुवारी चौथा तास. प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून साच्यात ओतायचं आणि खडू पाडायचे. ते खडू फळ्यावर उठायचे कमी आणि मोडायचे जास्त. आम्ही त्या तासाला जाम हसायचो. पुढं कधीतरी वाचनात आलं की कार्यानुभव शाळेत आला तो १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाच्या शिफारशीतून, आणि आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यातही त्यांचा मोठा वाटा. आता वाटतं, बहिरेवाडीच्या माणसाला वाडी म्हणजे काय हे सांगावं लागलं नसणार. गुरुवारी चौथ्या तासाला गावातल्या आणि वाडीतल्या सगळ्यांचे हात सारखेच पांढरे व्हायचे.

नववीच्या पावसाळ्यात, म्हणजे १९९६ साली, शाहू जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेला मराठीच्या बाईंनी माझं नाव दिलं. वाडीच्या मुलीला हे कसं मिळालं म्हणाल, तर वक्तृत्वाला तालीम लागत नाही, पाठांतर लागतं, आणि ते म्हशीमागं फिरतानाही होतं. भाषण बाईंनी लिहून दिलेलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मग १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम. 'कोल्हापूर ही वसतिगृहांची जननी' या वाक्यावर हात वर करायचा, असं समासात पेन्सिलनं लिहिलेलं होतं.

स्पर्धा कोल्हापुरात, दसरा चौकाजवळच्या एका हॉलमध्ये. बाईंबरोबर सकाळच्या गाडीनं गेलो. चौकात महाराजांचा पुतळा आणि अवतीभवती ती बोर्डिंगं. माझ्या भाषणातली नावं खऱ्याखुऱ्या कमानींवर लिहिलेली बघून मी चरकलेच. आजवर ती नुसती पाठ होती. ती कुठंतरी असतील असं वाटलंच नव्हतं.

माझा नंबर सतरावा. व्यासपीठावर गेले, गुरुजनवर्ग झाला, बालमित्र-मैत्रिणींनो झालं, आणि तोंडातून निघालं, "मी आज आपल्यासमोर दोन शब्द बोलायला आलो आहे." आमच्याकडं बायकांची बोली तीच. माझी आजी 'आलो, गेलो, जेवलो' म्हणायची, आईही म्हणते. परीक्षक बाई कुठल्या होत्या कुणास ठाऊक, कोल्हापूरच्या नक्कीच नव्हत्या. त्यांनी हसून हात वर केला आणि विचारलं, "बाळ, तू मुलगा आहेस की मुलगी?" हॉल फुटला. हसणाऱ्यांत निम्म्या मुली अशा, की घरी गेल्यावर आईला 'मी आलो गं' म्हणणार होत्या. पुढचं भाषण मी कसंबसं संपवलं. जननीच्या वाक्याला हात वर झाला की नाही, आठवत नाही. नंबर आला नाही, हे आठवतं. आजही वाडीला फोन लावला की 'उद्या येतो' असंच तोंडात येतं. आता मात्र मी ते दुरुस्त करत नाही.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट परतताना घडली. पाऊस. गाडी रखडली, गावात पोचायला साडेसात झाले. वाडीची शेवटची गाडी सहाला गेलेली. आमच्या वाडीला मुक्कामी गाडी नव्हती. बाई म्हणाल्या, आज माझ्याकडंच राहा. वाडीला निरोप जायची सोय नव्हती. दूध घेऊन आलेल्या आमच्याकडच्या एका माणसाला बाईंच्या मालकांनी डेअरीपाशी गाठलं आणि निरोप धाडला.

जेवणं झाल्यावर बाईंना शाळेत काहीतरी विसरलेलं आणायचं होतं. "चल येतेस?" म्हणाल्या. रात्री साडेआठला मी पहिल्यांदा माझी शाळा बघितली.

हॉलचा दिवा चालू होता. बाहेर पाऊस म्हणून सगळे आत कोंबलेले. दोन लांब बाकं जोडून त्यांवर टेबल टेनिस चाललेलं, मधे जाळी म्हणून उभी ठेवलेली पट्टी, बॅट म्हणून पाटीच्या लाकडी फळ्या. कोपऱ्यात संगीताचे सर पेटी घेऊन बसलेले आणि आठवीच्या तीन मुली एकाच ओळीवर अडकलेल्या. खिडकीशी पी.टी.चे सर एका पोराला दोरीच्या गाठी शिकवत होते. तो पोरगा माझ्याच वर्गातला. वर्गात मुका. इथं सरांशी वाद घालत होता, "न्हाई सर, ह्यो फास उलटा पडतोय." शिपाईमामा उंबऱ्यात बसून पंचाची कामगिरी बजावत होते आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खात होते. कुणी हजेरी घेत नव्हतं. कुठल्याही रजिस्टरात ही सभा नव्हती.

मी दारात उभी. वर्गातल्या एका मैत्रिणीनं मला बघितलं आणि म्हणाली, "अगं, तू हितं कशी?"

तिच्या आवाजात वाईट काहीच नव्हतं. तिला खरंच नवल वाटलं होतं. पण मला तोवर वाटायचं की शाळा साडेपाचला बंद होते. आम्ही गाडीत बसलो की मागं कुलूप लागतं. शाळा आमची गाडी गेल्यावर सुरू होते, हे त्या रात्री कळलं. रजिस्टरातली मंडळं खोटी होती, पण मंडळं होती. ती शनिवारी शेवटच्या तासाला नव्हती एवढंच.

आणि बोर्डिंगांचाही उलगडा मला चौकात नाही, या हॉलच्या दारात झाला. म्हणजे तेव्हा नुसता पोटात गोळा आला, त्याला शब्द पुढं कधीतरी मिळाले. महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला त्याच्या सोळा वर्षं आधी बोर्डिंग उघडलं होतं. पोरगं रात्री कुठं असणार हे आधी बघितलं. खेड्यातल्या मुलाला दिवसाची शाळा मिळाली तरी संध्याकाळची मिळत नाही, आणि माणूस बराचसा संध्याकाळी घडतो. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसच्या ऑलिंपिकला नेमबाजीत पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हा सगळा जिल्हा नाचला, मीही नाचले. पण माझं लक्ष बातमीतल्या एका साध्या ओळीवर अडकलं होतं. पोरगा लहानपणी क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. म्हणजे निवासी. म्हणजे त्याला गाडी धरायची नव्हती.

हॉलच्या दारातली ती रात्र ड्रॉइंगच्या सरांना कुणी सांगितली, माहीत नाही. बहुधा बाईंनी. दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, यंदा हस्तलिखित करायचं आहे, लेखन तुझं. मी म्हटलं, सर, गाडी. ते म्हणाले, "घरी ने. दर सोमवारी आठ पानं न्यायची, पुढच्या सोमवारी आणायची."

हस्तलिखित म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं. वर्षातून एक अंक, मुलांच्या कथा, कविता, कोडी, चित्रं, सगळं हातानं. आणि प्रत एकच. झेरॉक्स नाही, छपाई नाही. लेजर पेपरचे मोठे ताव, त्यावर पेन्सिलनं पुसट रेघा आखायच्या, चेलपार्कच्या काळ्या शाईनं लिहायचं, शाई वाळली की रेघा खोडायच्या. वाळायच्या आत खोडरबर फिरवलं तर आख्खी ओळ धुरासारखी पसरते. चुकीला उपाय दोन. अक्षर लहान असेल तर दाढीच्या ब्लेडनं कागदाचा पापुद्रा खरवडायचा, नखानं घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावर अगदी हलक्या हातानं पुन्हा लिहायचं. चूक मोठी असेल तर पान नव्यानं. वडिलांचं ब्लेड मी पळवलं म्हणून त्यांनी दोन सकाळी आरडाओरडा केला, तिसऱ्या सकाळी स्वतःच एक जुनं ब्लेड काडेपेटीत घालून माझ्या दप्तरात ठेवलं.

लाइट गेली की कंदील. कंदिलाच्या उजेडात रेघा दिसत नाहीत, त्यामुळं अंकाची काही पानं जराशी उताराला लागलेली आहेत. सातवीतल्या एका मुलाच्या कवितेवर म्हशीच्या दाव्याचा डाग आहे. सर म्हणाले, राहू दे. शेजारी त्यांनी एक म्हैस काढून दिली.

सरांनी एक अट घातली होती. लेखनिकानंही काहीतरी स्वतःचं लिहायचं. मी लिहिलं, 'अकरा दहाची गाडी'. तीन पानं. बंधारा, पास, वडाप, पाठीवर ऐकलेली लेझीम. शेवटी राग राग केला होता. १४ डिसेंबरच्या शनिवारी आम्ही नेहमीसारखा शेवटचा तास सोडून पळत स्टँडवर गेलो आणि गाडी साडेबाराला आली. तेवढ्या वेळात आख्खा 'इतर उपक्रम' होऊन वर एक तास उरला असता. हे लिहिताना मी दोन निबा वाकवल्या.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर अंकाचं प्रकाशन झालं. पाहुण्यांनी लाल रिबीन सोडली, दोन पानं उलटली, परत मिटला. मग प्रथेप्रमाणं अंक घरोघरी फिरायला लागला. एका मुलाकडं दोन दिवस, मग पुढच्याकडं. अंकाच्या शेवटी चार कोरी पानं 'अभिप्राय' म्हणून ठेवलेली असायची.

त्याच वर्षी मार्च-एप्रिलात हेल-बॉप धूमकेतू दिसला. विज्ञानाच्या सरांनी वर्गात सांगितलं, संध्याकाळी सातला मैदानावर या, दुर्बिणीतून दाखवतो. वाडीची पोरं एकमेकांकडं बघून हसली. पण हा उपक्रम गाडीवर अवलंबून नव्हता. आमच्या खळ्यात उभं राहिलं की दिवस मावळल्यावर वायव्येला तो नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, अंधारात शेपटीसकट. आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, "शेंडेनक्षत्र वंगाळ असतंय, बघू नगंस." थोड्या वेळानं तीच विचारायला लागली, आज किती खाली गेलाय. १ एप्रिलला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ होता आणि आमची वार्षिक परीक्षा त्याच महिन्यात. मी बारा संध्याकाळी वहीत त्याची जागा काढली, समोरच्या चिंचेच्या शेंड्यापासून किती बोटं वर, शेपूट कुणीकडं. शेपूट दर वेळी मावळलेल्या सूर्याच्या उलट्या दिशेला. सरांनी हे शिकवलं होतं, पण चिंचेवरून ते स्वतः ताडून बघण्यातली मजा वेगळी. वही सरांना दाखवली. त्यांनी चश्मा कपाळावर चढवून ती दोनदा चाळली आणि म्हणाले, "मैदानाशेजारच्या दिव्यामुळं आम्हाला शेपूट एवढी दिसलीच नाही गं." ती पानं त्यांनी विज्ञान मंडळाच्या रजिस्टरात डकवली. माझ्या माहितीतली त्या रजिस्टरातली ही एकमेव खरी नोंद.

आता माझ्या भावाची मुलगी त्याच शाळेत जाते. मुलींना पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून, आणि याचं मोल मला कुणी सांगायची गरज नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की अभ्यास आणि अभ्यासेतर असा कडक भेद यापुढं राहणार नाही. प्राथमिकच्या पोरांसाठी 'आनंददायी शनिवार' आलाय. 'इतर' हा शब्द तक्त्यावरून गेला, चांगलंच झालं. उपक्रमाचे फोटो काढून वरती पाठवावे लागतात, म्हणजे आमच्यासारखी इतिवृत्तं कुणी घरी बसून लिहू शकत नाही. फोटोसाठी मात्र पोरांना एकदा रांगेत उभं करावं लागतं, आणि एकदा फोटो निघाला की बरेचदा तेवढ्यावर भागतं, हे भाचीच सांगते. २०२१च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा ती पाचवीत होती. करोनानं बंद पडलेल्या शाळा नुकत्या उघडल्या होत्या आणि वाडीची पोरं पुन्हा घरी. गावातली पोरं शाळेत जात होती. मी इथं कोल्हापुरात बसून फोनवर ऐकत होते. तिला ऑनलाइन चित्रकला स्पर्धेचं प्रमाणपत्र आलं होतं, त्यावर तिचं नाव चुकलेलं होतं.

मध्यंतरी तिनं विचारलं, तुझं ते हस्तलिखित अजून आहे का गं? आहे. सर निवृत्त झाले तेव्हा कपाट रिकामं करताना त्यांनी ते मला धाडलं. बांधणी सुटलीय, म्हैस फिकट झालीय. मी तिला शेवटची चार पानं उघडून दाखवली.

पहिला अभिप्राय हेडसरांचा, 'स्तुत्य उपक्रम', खाली सही आणि शिक्का. मग कुणाच्या तरी काकांचा, चित्रांविषयी. एका आईनं लिहिलंय, कविता छान आहेत, शेजारी हळदीचं बोट. आणि सगळ्यात खाली, कॉपिंग पेन्सिलीच्या जांभळट अक्षरात एक नोंद. अंक माझ्या पाळीला मी गाडीतून वाडीला नेत होते. कंडक्टरनी तिकिटं फाडून झाल्यावर, काय गं एवढं गुंडाळून चाललीस म्हणून मागून घेतला, पुढच्या सीटवर बसून बंधाऱ्यापर्यंत वाचला, आणि काही न बोलता परत दिला. घरी जाऊन उघडला तेव्हा दिसलं:

'लेख वाचला. दि. १४ डिसेंबर रोजी गाडी १२.३० ला नव्हे, ११.५० ला लागली. मागील चाक पंक्चर होते. बाकी मजकूर बरोबर आहे. – वाहक', आणि पुढं बिल्ला नंबर.